बाबांनी पाडलेली वाट

२ नोव्हेंबर

रविवारी चालणाऱ्या सर्व मंडळींनो,

दर वर्षी आपली वाट नांगराखाली जाते आणि दर वर्षी आपल्याला ती पायांनी पुन्हा मिळवावी लागते. यंदा ती कायमची पुसण्याचा घाट घातला गेला आहे, आणि तोही आपल्याला न विचारता. पुलापासून निघून गव्हाच्या शेतातून, नासपतीच्या बागेच्या कडेने, गावाच्या जुन्या वेशीपर्यंत जाणारी ही पायवाट कुणा एकाची नाही. ती शाळेत येणाऱ्या मुलांची आहे. गुडघे कुरकुरत असूनही चालायला येणाऱ्या आपल्या शिवणवाल्या मावशींची आहे. 'चाला, नाहीतर गोळ्या घ्या' असं डॉक्टरांनी बजावलेल्या प्रत्येकाची आहे. ती गेली तर उरतो ट्रकचा रस्ता. त्यावर फिरायची ज्याला हौस असेल त्याने खुशाल फिरावं.

यंदा बरीच नवी माणसं आली आहेत, म्हणून पद्धत पुन्हा सांगते. जमीन बागवाल्यांची, वाट सगळ्यांची. नांगरट झाली की पेरणीच्या आधी आपण पुलापाशी जमतो. माझे वडील पुढे होतात, नजर वेशीमागच्या दगडी मनोऱ्यावर. बाकीच्यांनी एकामागे एक उभं राहायचं, मान खाली, पुढच्याच्या टाचेवर नजर, त्याच्याच पावलात आपलं पाऊल. तोंड बंद. चाळीसेक माणसं अशी गेली की ढेकळांत वाट उमटते आणि बागवाले तेवढी पट्टी सोडून पेरतात.

यंदाही आपण हेच केलं. आणि आता बागवाल्यांनी पाहणी समितीकडे अर्ज केला आहे, की ही वाट वेशीकडे जातच नाही, आमच्या फळांच्या शेडमागे येऊन संपते, सबब ती बंद करावी!

मी विचारते, वाट म्हणजे काय फूटपट्टीने मारलेली रेघ आहे? नदी वळते, तिला कुणी बंद करत नाही. माणसाचं आयुष्य वळतं, त्याला कुणी बेकायदा म्हणत नाही. चाळीस माणसं जिथून गेली ती वाट. भूमितीच्या आडून आपला हक्क पळवणाऱ्या माणसाला एकच शब्द आहे, वाटचोर. समिती तेवीस तारखेला, रविवारी येणार आहे. तयार राहा.

तुमची,
बाई
(माझ्या आवाजाचा ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी: भोंगा)

(मागच्या बाजूला, हाताने)

धाकट्या, हे पत्रक तुझ्यासाठी. फोन करत नाही, कारण फोन बाबांच्या खाटेशेजारी आहे आणि त्यांना सगळं ऐकू जातं. तू मोजणी ऑफिसात आहेस. 'वाट सरळच असली पाहिजे असं नाही' एवढं एक वाक्य ऑफिसच्या भाषेत लिहून पाठव. लवकर.

ताई


६ नोव्हेंबर

ताई,

पत्रक वाचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त गोंधळलो.

तुझ्या त्या वाटेचा नकाशा मी काढून टेबलावर ठेवला आहे. पुलापासून वेशीपर्यंत रेघ आहे, सरळ. अगदी तुझ्या नावडत्या फूटपट्टीने मारल्यासारखी. शेड त्या रेघेच्या कितीतरी उजवीकडे आहे. तिथे पोचायचं तर निम्म्या शेतात चक्क वळावं लागतं. नदी वळते हे मला मान्य आहे, पण नदीला समोर मनोरा दिसत नसतो.

आमच्या साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "तुमच्या भगिनींनी वाट पाडली की वाट लावली?" सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो, काय करणार.

आता मला काय वाटतं ते सांगतो, रागावू नकोस. बाबा पुढे असते तर वाट हातभरही हलली नसती. आयुष्यभर ज्यांनी झाडांच्या रांगा लावल्या, कलमं बांधली, त्यांची चाल सरळच असणार. म्हणजे बाबा पुढे नव्हते. तू होतीस. आणि तू मुद्दाम वळलीस. शेडमध्ये खोकी भरणाऱ्या बायकांसाठी तू पूर्वी संप केला होतास ते मी विसरलेलो नाही. दर रविवारी चाळीस माणसं घेऊन त्यांच्या दारावरून जायचं, येता-जाता दोन शब्द सुनवायचे, असा तुझा बेत असणार. बेत चांगला असेल, पण वाट त्यात जाईल. समितीपुढे नकाशा आला की तुझं नदीचं वाक्य पाच मिनिटं टिकणार नाही.

'सरळ असली पाहिजे असं नाही' असं लिहून देता येणार नाही. नोकरी आहे.

बाबा कसे आहेत? मागच्या दोन्ही वेळी फोन त्यांनी उचलला आणि लगेच तुझ्याकडे दिला. आईच्या माघारी आपलं काय ठरलंय ते तुझ्या लक्षात असेलच. त्यांचं करणं तुला एकटीला जमेनासं झालं, की ते माझ्याकडे येतील. चौथ्या मजल्यावरची ती खोली मी कुणाला वापरू देत नाही. मुलांनासुद्धा नाही.

तुझा,
फूटपट्टी (हे नाव तूच ठेवलंस, आता भोग)


९ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझ्या ऑफिसातल्या हास्याला माझा नमस्कार सांग.

मी मुद्दाम वळले असा तुझा आरोप आहे. बहिणीवर इतका विश्वास पाहून ऊर भरून आला! बाबाच पुढे होते. त्या दिवशी धुकं होतं, मनोरा दिसत नव्हता. शिवाय शेताच्या मध्ये पाणी साचलं होतं, ते चुकवावं लागलं. शिवाय बागवाल्यांचा ट्रॅक्टर आडवा उभा होता. इतकी कारणं पुरेत ना?

तू इतक्या वर्षांत एकदा तरी चालायला आलास का? नकाशावर रेघ दिसते, वाट दिसत नाही. पुलावरून उतरलं की आधी ओल्या मातीचा वास येतो, मग बागेचा. या दिवसांत नासपतीची पानं पिवळी पडतात आणि उशिराची दोन-चार फळं वरच्या फांदीला राहिलेली असतात, ती तशीच सोडायची असा बाबांचा नियम. बागेतली निम्मी झाडं त्यांनी बांधलेल्या कलमांची आहेत. पुढे वेशीचे दगड. त्यांच्यावर इतक्या लोकांनी हात टेकले आहेत की कोपरे गुळगुळीत झालेत. वेशीतून आत गेलं की पायऱ्यांची गल्ली, बेकरीचा गरम वास, आणि मनोऱ्याखालच्या बाकावर बसून सगळ्यांनी बूट झाडायचे. दातांचे डॉक्टर दर वेळी म्हणतात, "बाई, इथे आलं की पेशंटची तोंडं विसरतो." असा माणूस तुला नकाशावर सापडेल?

बाबा ठणठणीत आहेत. जेवतात, झोपतात, मला रागावतात. परवा गंमत झाली. अंगणात कपडे वाळत घालायची काठी आहे ना, तिला त्यांनी कलमाची पट्टी बांधून ठेवली. नीट, तीन वेढे देऊन, गाठ वर. मी म्हटलं, "बाबा, या काठीला आता काय टॉवेल लागणार का?" तर म्हणाले, "लागला तर तुलाच उपयोगी पडेल." मी तर हसून हसून बेजार.

तेव्हा खोली मुलांना देऊन टाक. मुलं मोठी होतायत.

वाक्य देणार नसशील तर राहू दे. मी माझ्या जिवावर समितीपुढे उभी राहीन. आजवर कुणाच्या लेखी परवानगीने बोलले नाही.

ताई


१६ नोव्हेंबर

ताई,

काल मी आलो होतो. तू नव्हतीस. शेजारच्या काकू म्हणाल्या, तू सह्या गोळा करायला गेली आहेस, संध्याकाळपर्यंत येणार नाहीस. मला ते बरंच वाटलं. बाबांना म्हटलं, चला, आपण दोघं तुमच्या वाटेने जाऊन येऊ.

ते खूश झाले. बूट स्वतः घातले, काठी घेतली नाही. पुलापर्यंत मला पगार, मुलं, बायकोची पाठ, सगळं विचारलं. मी मनात म्हटलं, ताई म्हणते ते खरं आहे, माणूस ठणठणीत आहे.

हवा स्वच्छ होती. मनोरा समोर, बोट दाखवावं इतका. गहू वीतभर उगवला आहे आणि तुमची ती वाकडी पट्टी मधून गेलेली स्पष्ट दिसते. मी त्या पट्टीवर पाय ठेवला, तर बाबा डावीकडे वळले. शेडकडे नाही आणि वेशीकडेही नाही. ओढ्याकडे. बांधावरून, ठाम पावलं टाकत.

मी म्हटलं, "बाबा, मनोरा इकडे आहे."

ते थांबले. माझ्याकडे असं बघितलं, मी चौथीत गणित चुकल्यावर बघायचे ना, तसं. म्हणाले, "तुला लहानपणापासून दिशा कळत नाही. कुणी ठेवलं तुला मोजणीला!"

"पण तो काय, समोर दिसतोय."

"दिसतोय, कारण तो हलला. पूर्वी तिथे नव्हता."

ताई, तुला खोटं वाटेल, पण मी खिशातून होकायंत्र काढलं. बावीस वर्षं मी हेच काम करतोय, आणि ओढ्याच्या काठावर उभं राहून मला क्षणभर वाटलं की होकायंत्रच चुकतंय. ते इतक्या खात्रीने बोलत होते! त्यांच्या मागे चाळीस माणसं का गेली हे मला तिथे कळलं. मीही गेलो. बूट भिजेपर्यंत गेलो.

परत आणताना ते दमले होते. घरी आल्यावर मला म्हणाले, "ताईला सांगू नको, ती भाषण करेल."

तुला माहीत होतं. धुकं, पाणी, ट्रॅक्टर! तीन कारणं देणारा माणूस चौथं लपवतोय हे मला कळायला हवं होतं. तू रांगेत दुसरी होतीस. तू फक्त टाचांकडेच बघत होतीस का? आणि मी तुझ्यावर संपाचा आरोप करत बसलो. मला आता माझाही राग येतोय आणि तुझाही, आणि कुणाचा जास्त ते ठरत नाही.

पण यातून मार्ग सोपा आहे. समितीला खरं सांगून टाक, वयस्कर माणूस होता, चुकला. मी नकाशाची प्रत पाठवतो. वाट वाचेल. आणि सोमवारी, चोवीसला, मी गाडी घेऊन येतो आणि बाबांना इकडे आणतो. ओढ्याला काल पाणी कमी होतं. नेहमी कमी नसतं.

धाकटा


१७ नोव्हेंबर

आदरणीय बाई,

मी बागवाला. आपण मला समोर भेटत नाही, पत्रकातून भेटता, म्हणून मीही लिहितो आहे.

आपण मला वाटचोर म्हणालात. माझी मुलगी ते पत्रक शाळेतून घेऊन आली. तिने मला विचारलं, "पप्पा, तुम्ही काय चोरलं?" मलाच ठाऊक नव्हतं.

तुम्ही चाललात तशी पट्टी मी सोडली. ती वळलेली पाहून मला वाटलं, बाईंची ही काही नवी मागणी असणार, आपण कशाला बोला. मग रविवारी तुमची माणसं शेडमागून बाहेर पडू लागली. तिथे आमचे ट्रक मागे घेतात. दोन वेळा कुणी तरी चाकाखाली जाता जाता वाचलं. एकदा ते तुमचे दातांचे डॉक्टर होते, विचारा त्यांना. मी घाबरलो आणि अर्ज केला. एवढीच माझी चोरी.

दुसरी गोष्ट, जी मी लिहायची नाही असं ठरवलं होतं. आपले वडील त्यानंतर दोनदा एकटेच शेडकडे आले. खोक्यावर बसतात आणि मला विचारतात, "नांगरट झाली का?" मी हो म्हणतो. चहा देतो, ड्रायव्हरबरोबर घरी पाठवतो. मला कलम बांधायला काकांनीच शिकवलं आहे. त्यांची फजिती व्हावी असं मला वाटत नाही.

माझं म्हणणं इतकंच. ही वाट चुकून पडली असं समितीपुढे सांगितलं गेलं, तर मी उभ्या गव्हातून वेशीपर्यंत सरळ पट्टी द्यायला तयार आहे. पण समितीचा नियम आहे, पहिलं पाऊल ज्याने टाकलं त्याचं म्हणणं लागतं. तुमचं चालणार नाही. ते काकांनी स्वतः सांगायला हवं.

कसं सांगायचं ते तुम्ही बघा. मला सुचत नाही.

आपला,
बागवाला


१९ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं पत्र आणि बागवाल्यांचं पत्र एकाच दिवशी आलं. एका पत्राशी मी भांडले असते. दोघांशी एकदम भांडता येईना, म्हणून गप्प बसले. हे माझ्या बाबतीत किती वेळा झालंय ते तुला माहीत आहे.

हो, मला माहीत होतं. निम्म्या शेतात मी मान वर केली. मनोरा समोर हवा, तो डाव्या खांद्याला होता. मी मान परत खाली घातली. काल दातांच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "मलाही दिसलं होतं, पण तुम्ही पुढे होतात." बेकरीवाला म्हणाला, "डॉक्टरसाहेब पुढे होते, म्हटलं शिकलेला माणूस आहे." शिवणवाल्या मावशी म्हणाल्या, "मला वाटलं यंदा नवी वाट काढलीये." म्हणजे बघ, सगळ्यांना दिसलं होतं! आयुष्यभर मी लोकांना सांगत फिरले की डोळे मिटून कुणाच्या मागे जाऊ नका, आणि माझ्याच रांगेत हे झालं. मला यातून काय समजायचं तेच समजत नाही.

समितीपुढे त्यांना उभं करून 'मी चुकलो' म्हणायला लावायचं, ही कल्पनाच मला सोसेना. ते म्हटलं की पुढच्या वर्षी पहिलं पाऊल त्यांचं नाही. आणि तुझी गाडी सोमवारी दारात. या वयात त्यांच्याकडे दुसरं आहे तरी काय? वर्षातून एकदा सगळं गाव त्यांच्या मागे चालतं. ते काढून घ्यायचं आणि बदल्यात चौथ्या मजल्याची खिडकी द्यायची?

पण न सांगता वाट जाते. शेवटी काल दुपारी जेवण झाल्यावर सांगायला बसले. आधी मी जरा सजवून सांगायला गेले. म्हटलं, "बाबा, तुम्ही शेडकडे वळलात, कारण आई तिथे कामाला होती ना. संध्याकाळी तिला आणायला जायचात, पायांना तेच आठवलं असेल."

ते म्हणाले, "तुझी आई शेडमध्ये कधी होती? ती दवाखान्यात होती, जन्मभर. तू भाषण तयार करतेयस का?"

मग सरळ सांगितलं. "बाबा, यंदाची वाट शेडकडे गेली."

"कुणी नेली?"

"तुम्ही."

"मी सरळ गेलो." पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "तू माझ्या मागे होतीस ना?"

"होते."

"किती माणसं होती?"

"चाळीसेक."

"आणि चाळीस माणसांत एकालाही हाक मारावीशी वाटली नाही?"

मी म्हटलं, "पद्धत आहे ना बाबा. मान खाली, तोंड बंद."

"आम्ही तिघं-चौघं जायचो तेव्हा अशी पद्धत नव्हती. गप्पा मारत जायचो. कुणी चुकलं की शिव्या घालायचे. ही पद्धत कुणी काढली?"

"मी."

"शहाणी आहेस," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला उठले.

धाकट्या, मला हजार लोकांनी टोमणे मारले असतील. एवढा कुठलाच लागला नव्हता.

थोड्या वेळाने स्वतःच येऊन बसले. म्हणाले, "समितीला सांगतो मी. त्यात काय. चुकलो असेन. मला हल्ली कधीकधी सगळं दिसतं, पण जागच्या जागी दिसत नाही. पण त्या दिवशी आधी मी चालणार, सगळ्यांसमोर. मग सांगणार." मी म्हटलं, "पुन्हा वळलात तर?" म्हणाले, "तर तुम्ही काय मुके आहात?"

तुझ्या खोलीचंही मी त्यांना विचारलं. म्हणाले, "चुकायचंच तर मोकळ्यावर चुकेन. त्याच्याकडे गेलो तर लिफ्टमध्ये चुकेन, आणि तिथे आपण चुकलो हे सांगायलाही कुणी भेटत नाही."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ओढ्याचं तू लिहिलंस ते मी विसरलेले नाही. एकटे ते आता बाहेर पडणार नाहीत, काकूंना आणि बागवाल्यांना दोघांनाही सांगून ठेवलं आहे. हो, मी बागवाल्यांकडे गेले होते. 'वाटचोर' परत घेतला, त्यांच्या मुलीसमोर. तिने विचारलं, "म्हणजे पप्पांनी काहीच नाही चोरलं?" मी म्हटलं, काहीच नाही. तिचा चेहरा जरा पडलाच.

समितीसमोर ते पुन्हा चुकले तर काय होईल मला माहीत नाही. तू ये. गाडीचं नंतर बघू.

ताई


२१ नोव्हेंबर

ताई,

येतोय. उद्या संध्याकाळी पोचतो.

आधी ठरवलं होतं की खुंट्या आणि दोरी आणावी, पुलापासून वेशीपर्यंत रेघ आखून द्यावी, म्हणजे बाबांना चुकायला जागाच उरणार नाही. पिशवी भरली होती. मग रिकामी केली. दोरीला धरून चालणारे बाबा मला डोळ्यांसमोर आणवेनात. नकाशा मात्र आणतो. बागवाल्यांना आणि समितीला तो हवाच असेल.

सोमवारचं मी अजून ठरवलेलं नाही. तुझं पत्र वाचलं की वाटतं त्यांनी तिथेच राहावं. ओढा आठवला की वाटतं, आत्ताच्या आत्ता जाऊन घेऊन यावं. बायको म्हणते, तुम्हा भावंडांना एकदा त्यांनाच विचारायचं सुचलं तर बरं होईल. ताईने विचारलंय, असं मी म्हटलं. ती म्हणाली, मग ऐका की! तर सोमवारी गाडी फक्त मला परत आणेल असं धरून चाल. मी महिन्यातून दोन रविवार येईन. हे पुरेल की नाही, मला खरंच कळत नाही.

धाकटा


२२ नोव्हेंबर

रविवारी चालणाऱ्या सर्व मंडळींनो,

मागच्या पत्रकात मी तुम्हाला सांगितलं होतं की चाळीस माणसं जिथून गेली ती वाट. ते चूक आहे. चाळीस माणसं चुकीच्या दिशेने गेली तर ती फक्त चाळीस माणसांची चूक असते. आपली यंदाची वाट चुकून पडली आहे. ती वेशीकडे जायला हवी होती, शेडकडे गेली. बागवाल्यांना मी नको तो शब्द वापरला. तो मी मागे घेतला आहे, आणि तुम्हीही घ्या. त्यांनी शेडमागची वाट नाकारली ती कुणी ट्रकखाली येऊ नये म्हणून, आणि आता उभ्या पिकातून सरळ पट्टी द्यायला ते तयार आहेत.

माझ्या वडिलांना हल्ली दिशांचा गोंधळ होतो. हे मी तुमच्यापासून लपवलं. ते लपवण्यासारखं आहे असं मला वाटत होतं. आता वाटत नाही. पण चुकण्याचं सगळं ओझं एका म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर टाकून मोकळं होणं मला मान्य नाही. तुमच्यापैकी अनेकांना मनोरा बाजूला सरकलेला दिसला होता. मला दिसला होता. तरी आपण मान खाली घालून चाललो, कारण पुढचा चालत होता आणि पुढच्याला त्याच्या पुढचा दिसत होता. ज्यांच्याबद्दल आपल्याला इतका आदर आहे, त्यांना आपण एकटं चुकू दिलं. मान खाली आणि तोंड बंद हा नियम माझा होता. तो आजपासून रद्द.

उद्या समिती येईल. बागवाले येतील. माझा भाऊ नकाशा घेऊन येईल. आणि बाबा पहिलं पाऊल टाकतील, आजवर टाकत आले तसंच. त्यानंतर समितीला काय सांगायचं ते ते स्वतः सांगतील. ते सरळ जातील की वळतील, मला ठाऊक नाही. त्यांनाही ठाऊक नाही. त्यांनी मला एवढंच विचारलं आहे, की तुम्ही सगळे मुके आहात का.

मंडळींनो, याचं उत्तर उद्या शेतात द्यायचं आहे. सकाळी सातला पुलापाशी या. बाबांच्या मागे नव्हे, त्यांच्या बरोबर चाला. मान वर ठेवा, मनोऱ्यावर नजर ठेवा, आणि ते वळताना दिसले की लाजू नका, शेजारच्याची वाट बघू नका, घसा ताणून त्यांना हाक मारा.

तुमची,
बाई